वॉलमनच्या घरचा फायरवॉल

"हात तरी धू गं. सगळी बटणं पिवळी केलीस," छबूआत्या दारातून म्हणाली.

मी हात धुतले नाहीत. अंगाला हळद लागलेली, केसांत हळद, आणि मी अण्णांच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलेले. दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं. मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता आणि त्यातून माझा भाऊ संदिपान मस्कतहून माझ्यावर खेकसत होता.

"काळंच दिसायलंय. काल काळं, आज काळं. क्लासात पोरांना शिकवतीस काय नेमकं तू?"

"तुला एवढं कळतंय तर ये आणि तूच कर," मी म्हटलं.

दादा येणार नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. "तो माणूस त्या घरात आहे तोवर मी उंबरा ओलांडणार नाही," असं सांगून तो सहा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन गेला होता. तो माणूस म्हणजे आमचे अण्णा. ते माझ्या पाठीमागं कॉटवर बसून सुपारी कातरत होते.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. आता कुणीही मोबाइल वर धरतं आणि लग्न अमेरिकेत दिसतं. तेव्हा तसं नव्हतं. माझा होणारा नवरा किरण, त्याच्या मामाचा मुलगा जितू गावात केबल चालवायचा. लग्न गावच्या केबल चॅनेलवर थेट दाखवायचं, हा त्याचा आहेर. पण ते चॅनेल गावातल्या टीव्हीपुरतं. मग दादानं डोकं चालवलं. एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यानं एक कार्ड पाठवलं. ते घरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, केबलची वायर त्यात खुपसायची आणि एक प्रोग्राम चालू ठेवायचा. तो प्रोग्राम घरचा टीव्ही आपल्या स्क्रीनवर दाखवणार आणि इंटरनेटवरून दादाच्या तिकडच्या कॉम्प्युटरवर पोचवणार. निदान कागदोपत्री तरी.

"फायरवॉल बघ," दादा म्हणाला. "त्यानंच अडवलं असणार. तो उघडल्याशिवाय बाहेर काही येणार नाही."

अडकित्ता थांबला.

"कसला वॉल?" अण्णांनी मला विचारलं. दोघं एकमेकांशी बोलत नसत. दोघांचं टपाल माझ्या हातून जायचं.

अण्णा नगरपालिकेत वॉलमन होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, तो रस्त्यातला वॉल लांब चावीनं उघडायचा आणि बंद करायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी वॉल म्हटलं की कान टवकारायचेच.

"पाण्याचा नाही, अण्णा. कॉम्प्युटरचा असतो. आतलं काय बाहेर जाऊ द्यायचं आणि काय नाही ते तो बघतो."

"मग आपलाच वॉल की."

"त्यांना सांग, ह्यात त्यांचं काही काम नाही," फोनमधून दादा म्हणाला.

"त्याला सांग, माझ्या घरात बोलायला त्याला कुणी बोलावलंय?"

"मी मस्कतमध्ये बसलोय म्हणावं."

"आवाज हितं यायलाय की," अण्णा म्हणाले आणि परत सुपारी कातरायला लागले.

मी फायरवॉलची यादी उघडली. आपला प्रोग्राम त्यात होता आणि त्याच्यापुढं बंदची खूण होती. मला काही समजेना. असा प्रोग्राम पहिल्यांदा चालू झाला की स्क्रीनवर एक चौकट येते आणि विचारते, ह्याला बाहेर जाऊ द्यायचं का? खाली तीन बटणं. कुणीतरी नाही म्हणून दाबल्याशिवाय ती खूण येतच नाही. मी तर दाबलं नव्हतं.

"ह्याला हात कुणी लावला?" मी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले.

मी खुर्चीतच मागं वळले.

"परवा तू मेंदीला बसली होतीस. त्या डब्यावर चौकट आली. काहीतरी विचारायली होती. मी पहिलं बटण दाबलं."

"काय विचारतीय ते वाचलं का?"

"मला कुठलं इंग्रजी येतंय? विचारायला आलेल्याला आधी नाही म्हणायचं. उघडायचं आपल्या हातात असतंय. एकदा उघडून गेलेलं परत येत नाही."

"दोन दिवस मी इथं डोकं फोडून घेतेय अण्णा, तुमच्यासमोर. एका शब्दानं सांगता आलं नाही?"

"तू विचारलंस का?"

"उमे," दादा फोनमधून हळू आवाजात म्हणाला, "त्यांना म्हणावं, माझ्या लग्नात केलं तेच हिच्या लग्नात करा. दुसरं येतंय काय तुम्हाला?"

अण्णांनी अडकित्ता कॉटवर आपटला.

दादाचं लग्न दुष्काळाच्या साली झालं. मांडव आमच्याच दारात होता. सांगितलेला टँकर आलाच नाही. वऱ्हाड पंगतीला बसलं आणि पिंपं कोरडी. दादा बाशिंगासकट अण्णांपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अर्धा तास आपल्या गल्लीचा वॉल सोडा." चावी अण्णांच्या सायकलला बांधलेली होती. अण्णा म्हणाले, "आज पाळी खंदक गल्लीची आहे," आणि पोराचं लग्न मांडवात टाकून सायकलवर टांग मारून त्या गल्लीचं पाणी सोडायला गेले. वहिनीचे मामा भर पंगतीत म्हणाले, "वॉलमनच्या घरचं लग्न आहे बाबांनो, हात कढीनंच धुवा." सगळा मांडव हसला. दादा त्या हसण्यात उभा होता.

अण्णांचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. खंदक गल्लीनं काही त्यांचा पुतळा उभारला नाही. पण माणूस तसाच होता. वॉल उघडला की त्याच्यापाशी दगडावर बसून राहायचा. वॉल उघडा टाकून गेलं की कुणीतरी येऊन फिरवतं, असं त्यांचं म्हणणं. गल्लीच्या शेवटच्या घरातली बाई "आलं" म्हणून हाळी देईपर्यंत हलायचे नाहीत. ती विसरली की हेच ओरडायचे, "पाणी आलं का?" माझी आई वारली त्या दिवशीही पाळीचं पाणी सोडून, टोकाच्या घरातनं "आलं" ऐकून मगच दवाखान्यात आले. तोवर उशीर झाला होता. आत्यानं ते त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

मी ती खूण पुसली, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. प्रोग्राम उघडल्याबरोबर चौकट आली. मी मधलं बटण दाबलं.

"आलं," दादा म्हणाला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"चौकातल्या साडी सेंटरची जाहिरात. तीच बाई आहे अजून. खाली पट्टी फिरायलीय, उद्या कुठल्या गल्लीला पाणी." तो खाकरला. "ऐक उमे. उद्या मी सुट्टी टाकलीय. कानपिळीला मी नाही. नवरदेवाचा कान दुसराच कुणीतरी पिळणार. तेवढं मी गिळलं. पण तुझ्या डोक्यावर अक्षता पडताना मला दिसलं पाहिजे. एवढं एक कर."

"दिसेल," मी म्हटलं.

पण प्रोग्राम खोडसाळ होता. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला की तीच चौकट, तोच प्रश्न. मी दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा विचारलंच. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णा माझ्या खांद्यामागं येऊन उभे राहिले होते.

"मधलं का?" त्यांनी विचारलं.

"हो, मधलं. पहिलं बंद, मधलं उघडं. आणि तुम्ही ह्यातल्या कशालाच हात लावायचा नाही." मी वळून त्यांच्याकडं बघितलं. सगळं साठलेलं तोंडावाटे बाहेर आलं. "उद्या दादाला दिसलं नाही ना अण्णा, तर तुमची अक्षता मला नको. सांगून ठेवते."

"अगं, काय बोलतीस बापाला," आत्या म्हणाली. "हळदीच्या अंगानं असलं बोलू नये."

अण्णा कॉटवर जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी निघताना मी कॉम्प्युटर चालू ठेवला, मधलं बटण दाबलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. घराला कुलूप लावून किल्ली अण्णांनी खिशात टाकली. कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. जितू कॅमेरा घेऊन स्टेजसमोर बसलेला. आत्याच्या मोबाइलवर दादा मधूनमधून बोलत होता. किरणची वरात दिसली, घोडा बिथरला तेही दिसलं. "घोड्याला अक्कल आहे," असं दादानं म्हटल्याचं आत्यानं मला स्टेजवर येऊन सांगितलं. मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

कन्यादानाला काका-काकू बसणार होते. आई नाही, त्यामुळं अण्णांना बसता येत नव्हतं. अण्णांच्या वाटणीला फक्त अक्षता. पांढरा शर्ट, डोक्याला फेटा, उजव्या मुठीत तांदूळ, असे ते स्टेजच्या पायरीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघत नव्हते.

अंतरपाट धरला. भटजींनी घसा साफ केला. तेवढ्यात आत्या फोन कानाला लावून पायरीपाशी आली.

"काळं झालं म्हणतोय," ती म्हणाली. "एकदम काळं."

"घरची लाइट गेली असेल," मी अंतरपाटामागून म्हटलं. "लाइट येऊन काही उपयोग नाही. कॉम्प्युटर परत चालू करून मधलं बटण दाबावं लागतं. कुणाला तरी पाठवा."

"आता कुणाला पाठवू? जितू कॅमेऱ्यावर, पोरं वाढपाला."

"मुहूर्त टळतोय ताई," भटजी म्हणाले. "उपकरणांचं नंतर बघा."

"भटजी, थोडं थांबा," मी म्हटलं.

"सूर्य थांबत नाही, मी कसा थांबू?" असं म्हणून त्यांनी सुरू केलं.

पहिलं मंगलाष्टक झालं. अक्षता आल्या. मी मान वळवून बघितलं तर पायरीपाशी अण्णा नव्हते.

मी सगळा हॉल नजरेनं धुंडाळला. दारापाशी नाहीत, पुरुषांच्या रांगेत नाहीत. दुसरं झालं, तिसरं झालं, मग पाव्हण्या बायकांनी एकेक म्हटलं. माझ्या डोक्यावर आत्याचे तांदूळ पडले, काकांचे पडले, ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांचेही पडले. बापाचे पडले नाहीत. काल मी नको म्हटलं होतं ना, घे मग. माझाच शब्द माझ्या तोंडावर मारून माणूस निघून गेला होता. दादाच्या लग्नातही असाच गेला होता. पोरांची लग्नं आली की ह्या माणसाला बाहेर काम निघतं, असं माझ्या मनात आलं, आणि अंतरपाट खाली आला तेव्हा किरणला समोर रागानं लाल झालेली बायको दिसली. तो बिचारा दोन पावलं मागं सरकला.

कानपिळी चुलतभावानं केली. त्यानं कान जोरात पिळला, सगळे हसले. मी हसले नाही.

"अण्णा कुठं गेले?" मी आत्याला विचारलं.

"काय माहीत. त्याचं कधी काही कळलंय का मला?" आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "असल्या दिवशी तरी."

अण्णा आले ते शेवटची पंगत उठताना. फेटा काखेत, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. कुणाशी काही बोलले नाहीत. पाठवणीच्या वेळी मी सगळ्यांच्या पाया पडले. त्यांच्यापुढं आले आणि बाजूनं निघून गाडीत जाऊन बसले. किरणच्या आईनं ते बघितलं. पुढं कित्येक वर्षं तिनं ते मला ऐकवलं, आणि ऐकवायलाच पाहिजे होतं.

मांडवपरतणीला मी माहेरी आले ती भांडायचं ठरवूनच. किरण बाहेर आत्याशी बोलत बसला. मी सरळ आतल्या खोलीत गेले.

"कुठं गेला होतात?"

"घरी," अण्णा म्हणाले. कॉटवरच बसले होते, अडकित्ता घेऊन.

"घरी कशाला?"

"लाइट गेली होती. आल्यावर तो डबा चालू केला. चौकट आली. मधलं दाबलं."

मी दारातच थांबले. मला वाटलं होतं ह्यापेक्षा वेगळं काहीतरी सांगतील. मला राग धरून ठेवायचा होता आणि तो हातातून निसटायला लागला, म्हणून मी आणखी चिडले.

"मग परत का आला नाहीत? एकदा बटण दाबलं की झालं. रिक्षानं दहा मिनिटांचा रस्ता. कानपिळीपर्यंत पोचला असता. इथं काय करत बसलात?"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"वॉल उघडा टाकून कोण जातंय?" ते म्हणाले.

"तो पाण्याचा वॉल नाही, अण्णा. तिथं कुणी येऊन फिरवत नाही. तो आपोआप उघडा राहतो."

"परवा मीच फिरवला होता की," अण्णा म्हणाले.

मी कॉम्प्युटरपुढं बसले. दादाला मेल करावा, निदान किती दिसलं ते विचारावं, म्हणून टाइप करायला घेतलं. एक बटण दबेना. दुसरं दबलं ते वर येईना. हळदीनं चिकटलं असेल म्हणून मी कीबोर्ड उचलला आणि टेबलावर उलटा आपटला.

तांदूळ पडले. पिवळे, कुंकू लावलेले. आधी थोडे, मग हलवला तसे आणखी. टेबलावर पडले, माझ्या मांडीवर पडले. स्क्रीनच्या मागंही होते, टेबलाच्या फटीत होते. मूठभर तरी असतील.

मी अण्णांकडं वळले नाही. ते सुपारी कातरत राहिले.

"तुझ्याच डोक्यावर टाकले," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तेवढंच दिसत होतं त्या डब्यात."

मी पदरात तांदूळ गोळा केले. रडले वगैरे सांगत नाही, कारण रडतानाही मी त्यांना म्हटलं, "कीबोर्ड खराब केलात," आणि ते म्हणाले, "हळद कुणी लावली होती?"

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्यानंच मला उरलेलं सांगितलं. त्यानंतर अण्णा आठ वर्षं होते. ते असेतोवर दादा आला नाही, ते गेल्यावर आला. कोण चुकलं, कोण जास्त चुकलं, हे आम्ही दोघं बहीणभाऊ अजून भांडतो. पण त्या दिवशीचं मी दादाला पुनःपुन्हा सांगायला लावते, आणि तो प्रत्येक वेळी अगदी तसंच सांगतो.

काळं झालेलं चित्र शेवटच्या मंगलाष्टकाला परत आलं. त्यानं अक्षता बघितल्या, मला बघितलं, अंतरपाट पडलेला बघितला. पायरीपाशी अण्णा दिसेनात. घरात कोण असणार हे त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं घरचा फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. पहिल्याच रिंगला उचलला गेला. म्हणजे माणूस फोनपाशीच होता.

दादा हॅलो म्हणाला नाही. अण्णाही म्हणाले नाहीत. मागं कॉम्प्युटरवरचे ताशे वाजत होते, ते दोघांनाही ऐकू येत होते.

"पाणी आलं का?" अण्णांनी विचारलं.

"आलं," दादा म्हणाला.

"टोकापर्यंत?"

"टोकापर्यंत."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.